ज्यांचं नाव देशानेच लपवलं : स्पुटनिक आणि गागारिन यांच्यामागचे सर्गेई कोरोल्योव्ह

१२ जानेवारीला जयंती आणि १४ जानेवारीला पुण्यतिथी. मध्ये फक्त एक दिवस. आपल्याकडे पहिल्या तारखेला राजमाता जिजाऊ आणि स्वामी विवेकानंदांची जयंती, दुसऱ्या तारखेला संक्रांत. या गडबडीत सोव्हिएत रशियातल्या एका इंजिनिअरची आठवण काढायला सवड कोणाला?

पण स्पुटनिक आपल्याला माहीत आहे. लायका कुत्री माहीत आहे. युरी गागारिन हे नाव तर स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या पोरांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. या तिन्हींच्या मागे माणूस एकच होता, सर्गेई पावलोविच कोरोल्योव्ह. ते जिवंत होते तोवर त्यांच्या स्वतःच्या देशातल्या लोकांनाही हे नाव ठाऊक नव्हतं. पेपरात छापून यायचं ते फक्त मुख्य रचनाकार एवढंच. नाव नाही, गाव नाही, फोटो नाही.

जन्म १९०७ चा, युक्रेनमधल्या झितोमिर गावचा. वडील शाळेत रशियन साहित्य शिकवायचे. आईवडिलांचं पटलं नाही आणि पोरगं तीन वर्षांचं असताना आई त्याला घेऊन माहेरी, नेझिनला आली. वडील वारले असं त्याला सांगण्यात आलं. प्रत्यक्षात ते १९२९ पर्यंत हयात होते. आजोळी सुबत्ता होती, पण बरोबरीची पोरं नव्हती. १९११ मध्ये नेझिनच्या मैदानावर एका वैमानिकाने विमान उडवून दाखवलं, ते या पोराने आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिलं, असं त्यांचे चरित्रकार सांगतात.

पुढे आईने दुसरं लग्न केलं. सावत्र वडील इंजिनिअर होते आणि माणूस भला होता. कुटुंब ओडेसाला आलं. तिथे सर्गेई बांधकामाच्या शाळेत सुतारकाम, छपराची कामं शिकला आणि बंदरावरच्या सागरी विमानांच्या तळावर पडेल ते काम करत राहिला. सतराव्या वर्षी त्याने स्वतः ग्लायडरचा आराखडा काढला. मग कीव्ह, तिथून मॉस्कोचं मोठं तांत्रिक विद्यालय. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला मार्गदर्शक मिळाले आंद्रेई तुपोलेव्ह, रशियातले सगळ्यात मोठे विमान रचनाकार. हे नाव पुढे परत येणार आहे, आणि तेही तुरुंगात.

रॉकेटचं वेड लागलं ते १९३१ च्या सुमारास. मॉस्कोत काही हौशी मंडळींनी एका तळघरात गट जमवला होता. पैसा नाही, साहित्य नाही. १७ ऑगस्ट १९३३ ला मॉस्कोजवळच्या नाखाबिनो इथे त्यांचं पहिलं रॉकेट उडालं. साधारण ४०० मीटर वर गेलं आणि पडलं. ४०० मीटर म्हणजे काहीच नाही, पण सरकारने दखल घेतली. रॉकेटची सरकारी संशोधन संस्था निघाली आणि कोरोल्योव्ह तिथे उपप्रमुख झाले. वय होतं २६.

रात्रीची अटक

मग आला स्टालिनचा दहशतीचा काळ. कोण कधी उचलला जाईल याचा भरवसा नव्हता. १९३७ मध्ये संस्थेचे प्रमुख क्लेयम्योनोव्ह आणि मुख्य अभियंता लांगेमाक यांना पकडलं आणि १९३८ च्या जानेवारीत दोघांनाही गोळ्या घातल्या. मार्चमध्ये इंजिनांचे तज्ज्ञ व्हॅलेंटिन ग्लुश्को गेले. २७ जून १९३८ ला कोरोल्योव्ह यांच्या दारावर थाप पडली. घरात बायको आणि तीन वर्षांची मुलगी नताशा होती.

आरोप काय, तर सोव्हिएतविरोधी संघटनेत सामील होऊन कामात मुद्दाम घोळ घातला, सरकारी पैसा वाया घालवला. पुरावा काय, तर आधी पकडलेल्या सहकाऱ्यांकडून मारून मुटकून घेतलेले जबाब. कोरोल्योव्ह यांनाही बेदम मारलं आणि कबुलीवर सही घेतली. सप्टेंबरमध्ये निकाल लागला, दहा वर्षं सक्तमजुरी. सुनावणीला काही मिनिटं लागली.

त्यांना पाठवलं कोलिमाला. देशाच्या पार ईशान्य टोकाला, सोन्याच्या खाणीवर. थंडी अशी की थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठावी. पोटाला धड अन्न नाही. स्कर्व्ही होऊन हिरड्या सुजल्या, दात पडले. तिथे काही महिने काढले एवढं एका वाक्यात लिहून मोकळं होता येतं, पण त्या काही महिन्यांत त्यांच्या आजूबाजूची किती माणसं मेली त्याची गणती नाही.

इकडे मॉस्कोत आई गप्प बसली नव्हती. तिने स्टालिनपासून खालपर्यंत सगळ्यांना अर्ज केले. ग्रोमोव्ह आणि ग्रिझोदुबोवा हे दोन नामांकित वैमानिक त्या काळी देशाचे लाडके होते. त्यांनीही शब्द टाकला. त्या दिवसांत कैद्याची बाजू घेणं म्हणजे स्वतःच्या गळ्यात दोर अडकवून घेणंच होतं, तरी त्यांनी ते केलं. खटला पुन्हा उघडला आणि १९३९ च्या अखेरीस कोरोल्योव्ह कोलिमातून निघाले. परतीच्या बंदरावर पोचायला उशीर झाला आणि इंदिगिर्का नावाचं जहाज चुकलं, असं सांगतात. ते जहाज डिसेंबर १९३९ मध्ये जपानच्या किनाऱ्याजवळ बुडालं आणि ७०० हून अधिक माणसं गेली.

मॉस्कोत आल्यावर सुटका नाहीच, फक्त शिक्षा दहाची आठ वर्षं झाली. पण या वेळी नशिबाने साथ दिली. सरकारला विमानं हवी होती आणि विमानं बनवणारे तर तुरुंगात. मग तुरुंगातच डिझाईनची कचेरी काढली. तिथले प्रमुख तुपोलेव्ह, तेही कैदी! त्यांच्या हाताखाली जुना विद्यार्थी रुजू झाला. ड्रॉइंगबोर्ड होता, जेवण होतं, खिडकीला गज होते. युद्धाच्या काळात पुढे कझानला त्यांना ग्लुश्को यांच्या हाताखाली ठेवलं. सुटका झाली २७ जुलै १९४४ ला. निर्दोष असल्याचा कागद हातात पडला तो मात्र १९५७ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी स्पुटनिक उडाला त्याच वर्षी.

कुंपणाच्या बाहेरून

युद्ध संपलं तेव्हा जर्मनीकडे व्ही-२ नावाचं रॉकेट होतं. जगात तेव्हा दुसऱ्या कोणाकडे तसं काही नव्हतं. ते बनवणारे वेर्नर फॉन ब्राऊन आणि त्यांचे बिनीचे सहकारी अमेरिकेच्या हाती लागले. रशियाच्या वाट्याला आले रिकामे कारखाने, सुटे भाग आणि दुय्यम फळीचे तंत्रज्ञ. कालपर्यंत कैदी असलेले कोरोल्योव्ह आता लष्करी गणवेश घालून जर्मनीत ते तुकडे जुळवत होते. १९४५ च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी पकडलेलं व्ही-२ उडवून दाखवलं, तेव्हा कोरोल्योव्ह यांना आत प्रवेश मिळाला नाही. त्यांनी ते उड्डाण कुंपणाबाहेर उभं राहून पाहिलं.

फॉन ब्राऊन यांचीही गोष्ट इथे सांगायला हवी, कारण पुढची वीस वर्षं ही शर्यत खरी या दोघांत झाली. व्ही-२ जमिनीखालच्या कारखान्यात छळछावणीतल्या कैद्यांकडून बनवून घेतलं जात होतं आणि त्यात हजारोंनी जीव गमावला. ते रॉकेट बनवणारा माणूस अमेरिकेत गेला, तिथला नागरिक झाला, डिस्नेच्या टीव्ही कार्यक्रमात दिसला, मासिकांच्या मुखपृष्ठावर झळकला. आणि जो स्वतः छळछावणी भोगून आला, त्याचं नावसुद्धा छापायची बंदी. दोघांची कधी भेट झाली नाही. हा न्याय कुठला, ते वाचकांनीच ठरवावं.

१९४६ पासून मॉस्कोजवळच्या पोदलिप्की इथे कोरोल्योव्ह यांचं काम सुरू झालं. आधी व्ही-२ ची नक्कल, मग त्यापुढची रॉकेटं. काम शस्त्राचंच होतं. अमेरिकेकडे अणुबॉम्ब होता, रशियाला वेढणारे विमानतळ होते. रशियाला थेट अमेरिकेपर्यंत बॉम्ब पोचवील असं रॉकेट हवं होतं. त्यातून जन्माला आलं आर-७. इंधन म्हणजे शुद्ध केलेलं रॉकेल, आणि ते जाळायला द्रवरूप ऑक्सिजन. मधल्या खांबाला चार बाजूंनी चार रॉकेटं बांधलेली, सगळ्यांची इंजिनं एकदम जमिनीवरच पेटायची.

हे रॉकेट एवढं दांडगं का झालं, यात गंमत आहे. सोव्हिएत शास्त्रज्ञांचा हायड्रोजन बॉम्ब तेव्हा फार जड होईल असा अंदाज होता. त्या वजनाला पेलणारं रॉकेट बनवलं. अमेरिकेचे बॉम्ब हलके होत गेले म्हणून त्यांची रॉकेटंही लहान राहिली. म्हणजे शस्त्रात जे रशियाचं मागासलेपण होतं, तेच अवकाशाच्या शर्यतीत कामाला आलं.

आर-७ ची १९५७ च्या मेमधली पहिली चाचणी फसली. नंतरच्या प्रयत्नांतही अपयशच. २१ ऑगस्टला रॉकेट कझाकस्तानातून थेट कामचात्कापर्यंत गेलं. पण पुढचा बॉम्ब ठेवायचा भाग हवेत परत शिरताना फुटून गेला. तो नव्याने बनवायला काही महिने लागणार होते. रॉकेट तयार, बॉम्बची टोपी नाही! कोरोल्योव्ह यांनी हीच फट पकडली. तेवढ्या वेळात एक उपग्रह सोडू, असा त्यांचा आग्रह होता आणि अमेरिका आपल्या आधी सोडेल ही भीती त्यांनी वरच्यांच्या मनात घातली होती. अमेरिकेने तशी घोषणा १९५५ मध्येच केली होती.

ठरलेला मोठा उपग्रह वेळेत तयार होईना. तेव्हा तो बाजूला ठेवून साधा गोळा बनवला. ५८ सेंटिमीटर व्यास, ८३.६ किलो वजन, चार अँटेना, आत रेडिओ आणि बॅटऱ्या. बाकी काही नाही. गोळा चकचकीत झालाच पाहिजे यावर कोरोल्योव्ह अडून बसले होते. ४ ऑक्टोबर १९५७ च्या रात्री तो वर गेला. पृथ्वीभोवती एक फेरी ९६ मिनिटांत. त्याची बीप-बीप जगभरच्या रेडिओवर ऐकू आली आणि तीन आठवडे चालू राहिली. लोकांनी संध्याकाळी आभाळात जो सरकता ठिपका पाहिला, तो बहुतेक वेळा स्पुटनिक नव्हताच. त्याच्यामागे फिरणारा रॉकेटचा मोठा खांब होता. गोळा एवढा लहान की नुसत्या डोळ्यांना दिसणं कठीण.

बातमीदारीच्या धंद्यात असलेल्यांसाठी एक नोंद. दुसऱ्या दिवशीच्या प्रावदाने ही बातमी साधीच, छोटीशी छापली. अमेरिका हादरली आहे हे कळल्यावर तिसऱ्या दिवशी पहिलं पान भरून आली. आपण काय केलंय हे मॉस्कोला न्यूयॉर्ककडून समजलं.

ख्रुश्चेव्ह खूश झाले आणि क्रांतीच्या चाळिसाव्या वर्धापनदिनाआधी आणखी काहीतरी हवं म्हणाले. हातात महिनाही नव्हता. ३ नोव्हेंबरला लायकाला घेऊन दुसरा स्पुटनिक गेला. तिला परत आणायची सोयच नव्हती. ती उष्णतेने काही तासांतच गेली, हे रशियाने २००२ पर्यंत सांगितलं नाही. अमेरिकेचा व्हँगार्ड ६ डिसेंबरला टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर जागीच फुटला. शेवटी ३१ जानेवारी १९५८ ला फॉन ब्राऊन यांच्या रॉकेटने त्यांची लाज राखली.

गागारिन यांच्यासोबत ते दिसले नाहीत

पुढची तीनचार वर्षं कोरोल्योव्ह यांचीच होती. १९५९ मध्ये चंद्रावर यान आदळवलं, तेही ख्रुश्चेव्ह अमेरिकेच्या दौऱ्यावर निघायच्या तोंडावर. त्याच वर्षी चंद्राच्या मागच्या बाजूचे फोटो मिळाले. मग माणूस.

१२ एप्रिल १९६१ च्या सकाळी गागारिन यानात बसले आणि दार नीट बंद झाल्याची खूण दिव्यावर येईना. उड्डाणाच्या तोंडावर सगळे नट पुन्हा सोडले, दार काढलं, पुन्हा बसवलं. रेडिओवर बोलायला कोरोल्योव्ह स्वतः होते. आदल्या रात्री त्यांना झोप नव्हती, आणि असणार तरी कशी? आधीच्या वर्षी कुत्री घेऊन गेलेली सगळीच यानं सुखरूप परतली नव्हती. १०८ मिनिटांनी गागारिन व्होल्गाकाठच्या सारातोव्ह भागात उतरले, यानातून वेगळे होऊन पॅराशूटने. ही पॅराशूटची गोष्टही लपवली होती, कारण विक्रमाच्या नियमात वैमानिकाने यानातच उतरायला हवं होतं.

मॉस्कोत गागारिन यांचं स्वागत झालं, लाखो लोक रस्त्यावर आले. कोरोल्योव्ह यांना मिरवायची मुभा नव्हती. समाजवादी श्रमवीर हा सर्वोच्च किताब त्यांना दोनदा मिळाला होता, पण ती पदकं छातीवर लावून लोकांत जाता येत नव्हतं. प्रावदात ते लेख लिहायचे, तर खाली नाव प्राध्यापक के. सेर्गेयेव्ह. परदेशी परिषदांना जायचे लिओनिद सेदोव्ह, आणि बाहेरच्या जगाला वाटायचं स्पुटनिकचे जनक तेच. प्रक्षेपण तळाचं नावसुद्धा खोटं. तळ होता त्यूराताम इथे, आणि नाव सांगितलं बैकोनूर, जे गाव तिथून शेकडो किलोमीटर लांब! १९६१ च्या अखेरीस गागारिन भारतात आले, मुंबईतही येऊन गेले. लोकांनी त्यांना डोळे भरून पाहिलं. त्यांना वर पाठवणारा कोण, हे मात्र ते सांगू शकत नव्हते.

कारण दिलं जायचं सुरक्षेचं. शत्रू त्यांना मारील म्हणे. माझ्या मते खरं कारण वेगळं होतं. नाव नसलेल्या माणसाचं श्रेय पक्षाला आणि नेत्याला घेता येतं. नाव झालेल्या माणसाला मात्र नाही म्हणता येतं.

आणि नाही म्हणायची वेळ येत होती. अमेरिका दोन माणसं एका यानातून पाठवणार हे कळल्यावर तीन पाठवायचं ठरलं. नवीन यान तयार नव्हतं. एकाच्या यानात तिघं बसवले. जागा नाही म्हणून अंतराळवेश काढून टाकले आणि जीव वाचवणारी उसळती खुर्चीही काढली. ऑक्टोबर १९६४ चं हे उड्डाण सुखरूप झालं ते दैवाची कृपा म्हणूनच. मार्च १९६५ मध्ये अलेक्सेई लिओनोव्ह यानाबाहेर तरंगले, जगात पहिलेच. त्यांचा वेश हवेने इतका फुगला की आत शिरता येईना. हवा सोडून सोडून ते कसेबसे शिरले. जगाने विक्रम पाहिला. असल्या जुगारात कोरोल्योव्ह यांच्या तब्येतीची वाट लागत होती.

केनेडींनी १९६१ मध्येच चंद्रावर माणूस उतरवायचं जाहीर केलं होतं. रशियाने अधिकृत निर्णय घ्यायला १९६४ उजाडलं. तोवर पैसा तीन कचेऱ्यांत वाटला गेला होता. अमेरिकेचं काम एका छताखाली, रशियात मात्र भाऊबंदकी. त्यात सगळ्यात वाईट भांडण ग्लुश्को यांच्याशी झालं. ग्लुश्को यांना आपोआप पेटणारं विषारी इंधन हवं होतं. कोरोल्योव्ह रॉकेल आणि ऑक्सिजनवर ठाम होते. १९६० मध्ये दुसऱ्या एका रचनाकाराचं, तसल्याच विषारी इंधनाचं रॉकेट तळावर पेटलं होतं आणि सत्तरहून जास्त माणसं जळाली होती. माणसं बसवायच्या रॉकेटमध्ये ते इंधन नको, हे म्हणणं चुकीचं कसं म्हणायचं? पण भांडण फक्त इंधनाचं नव्हतं. १९३८ सालच्या जबाबांचं काहीतरी दोघांच्या मनात सलत होतं, असं त्यांचे सहकारी मानत. देशातला सगळ्यात मोठा इंजिनवाला बाजूला झाला. कोरोल्योव्ह यांनी विमानांची इंजिनं बनवणाऱ्या कुझनेत्सोव्ह यांना गाठलं. त्यांची इंजिनं लहान, म्हणून एन-१ या चंद्ररॉकेटच्या तळाशी ती ३० बसवावी लागली.

ते रॉकेट उडताना पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. जानेवारी १९६६ मध्ये आतड्याच्या दुखण्यासाठी ते मॉस्कोच्या दवाखान्यात दाखल झाले. शस्त्रक्रिया करायला खुद्द आरोग्यमंत्री पेत्रोव्स्की. छोटं काम समजून पोट उघडलं तर आत मोठी गाठ. शस्त्रक्रिया लांबली. गुंगी देण्यासाठी घशात नळी घालायची, तर जबडा पुरेसा उघडेना. चौकशीत झालेल्या मारहाणीत तो मोडला होता, असं पुढे अनेकांनी लिहिलं आहे. हृदय थांबलं ते पुन्हा सुरू झालं नाही. १४ जानेवारी, वय ५९. शुभ म्हणून खिशात ते कायम एकेक कोपेकची दोन नाणी ठेवायचे. दवाखान्यात जायच्या दिवशी ती सापडली नव्हती, अशी आठवण घरचे सांगत.

१६ जानेवारीच्या प्रावदात त्यांचा फोटो, नाव, सगळं छापून आलं. शेजारीपाजारी राहणाऱ्यांनाही तेव्हा कळलं की हे गृहस्थ कोण होते. क्रेमलिनच्या भिंतीत रक्षा ठेवली आणि गागारिन बोलायला उभे राहिले. तीन आठवडेही झाले नव्हते तोच त्यांचं लुना-९ चंद्रावर अलगद उतरलं, तसं उतरणारं जगातलं पहिलं यान.

एन-१ चार वेळा उडालं आणि चारही वेळा फसलं. त्यातलं दुसरं ३ जुलै १९६९ ला तळावरच कोसळलं. त्याच महिन्यात नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरले, फॉन ब्राऊन यांच्या रॉकेटमधून. १९७४ मध्ये कोरोल्योव्ह यांच्या कचेरीवर नवा प्रमुख आला आणि त्याने एन-१ बंद केलं. तो प्रमुख म्हणजे ग्लुश्को.

आर-७ मात्र थांबलं नाही. ३ एप्रिल १९८४ ला आपले राकेश शर्मा बैकोनूरहून गेले ते त्याच घराण्यातल्या रॉकेटवरून, कोरोल्योव्ह यांच्या कचेरीने बनवलेल्या सोयूझ यानात बसून. एन-१ साठी बनवलेली सुधारित इंजिनं मोडीत काढायचा हुकूम होता, पण कुझनेत्सोव्ह यांनी ती गोदामात झाकून ठेवली. सोव्हिएत संघ फुटल्यावर ती विकत घेतली अमेरिकेच्या कंपनीने, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या अँटारेस रॉकेटखाली ती पेटली. पोदलिप्कीच्या भोवती जे शहर वाढलं, त्याचं नाव १९९६ पासून कोरोल्योव्ह आहे.